कॉर्व्हेटवर फोडलेला नारळ

तीर्थरूप अक्कास वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या चिखलीच्या गॅरेजात अन्वरभाईंनी शेठची जुनी अमेरिकन कॉर्व्हेट दोन वर्षं खपून उभी केली. पूजेला शेठनी, एवढी जमीन मोकळी असताना, नारळ बॉनेटवरच फोडला. बॉनेट तडकलं. सगळ्यांदेखत म्हणाले, "अन्वर, पत्रा विकून प्लास्टिक बसवलंस?"

अगं, १९५३ साली पहिल्या तीनशे गाड्या हातानं बनवल्या, तेव्हापासून तिचं अंग फायबरचंच आहे. मी तसं सांगितलं.

"अमेरिकेला पत्रा परवडत नाही होय रे?"

मी म्हटलं, "अन्वरभाईंची माफी मागा, तोवर मी पान्याला हात लावणार नाही."

यंदा दिवाळीला बरेच दिवस राहीन. आईला सांग, सुट्टी मिळाली.

तुझा तोंडाळ भाऊ,
हिंदुराव