निर्झर सोसायटी ते अंदमान

१ जानेवारी २००३, सकाळी ७.१०
नवीन डायरी. संकल्प एकच. लग्नाला एकवीस वर्षं झाली, विनयाला समुद्र दाखवला तो अर्नाळ्याचा. तोही पाहुणे आले की. यंदा फेब्रुवारीत अंदमान. किनारे, घनदाट जंगल, पक्षी, कासवं, आणि राहायला इको-लॉज. इको-लॉज म्हणजे जंगलात झोपडी, वीज चारच तास, पाणी बादलीने. विनयाला नीट समजावून सांगितलं. म्हणाली, म्हणजे विरारच की. तिला पर्यटनाची दृष्टी नाही. पण नंतर स्वयंपाकघरात गुणगुणत होती.

५ जानेवारी, रविवार
सायबर कॅफेत तीन तास. चौतीस पानं प्रिंट. फाइल केली. विभाग चार: किनारे, वन्यप्राणी, निवास, धोके. धोके सगळ्यात जाड झाला. मगरी, जळवा, सनस्ट्रोक, नारळ डोक्यात पडणे. आमची क्षितिजा (कॉलेजचं दुसरं वर्ष) म्हणाली, बाबा, मजा नावाचा विभाग नाही का? पुढच्या रविवारी बघू.

९ जानेवारी
तळमजल्यावरच्या इनेझ टीचर (रिटायर्ड, मूळच्या वसई गावातल्या) ज्या ग्रुपबरोबर केरळला गेल्या होत्या, त्याच ग्रुपची अंदमान टूर पंधरा फेब्रुवारीला निघते. मी फॉर्मचा तौलनिक अभ्यास करत असताना विनयाने तो आम्हा तिघांचा भरून देऊन टाकला. घाई. पण तारीख माझ्याच मनातली होती, म्हणून माफ.

१२ जानेवारी, रविवार
समुद्राची सवय हवी, म्हणून सकाळीच पाचूबंदरला. एका कोळी गृहस्थांना विनंती करून होडीत बसलो. अर्ध्या तासाने उलटी. समुद्र फार खवळलेला असावा. होडी अजून धक्क्याला बांधलेलीच होती असं क्षितिजा सगळ्यांना सांगते आहे. लाटा होत्याच ना पण.

१४ जानेवारी, सकाळी ६
गच्चीवर पक्षीनिरीक्षणाचा सराव. पायात जळूप्रतिबंधक मोजे (जुन्या पडद्याचे, विनयाने शिवले). कावळे चौदा. कबुतरं मोजण्यापलीकडे. एक मोठा, हिरवा, अनोळखी पक्षी, वीस मिनिटं निश्चल. नोंदी घेतल्या. उजाडल्यावर समोरच्या बिल्डिंगमधला टॉवेल निघाला. नोंदी ठेवल्या आहेत, पद्धत महत्त्वाची.

२० जानेवारी
फाइल परिपूर्ण. पण एक पेच ध्यानात आला. मी गेलो तर सोसायटीचं काय? सहा वर्षं सेक्रेटरी आहे. निर्झर नाव ठेवणाऱ्या बिल्डरने नळ दिले, पाणी दिलं नाही. रोज टँकर. तो सकाळी अकराला येतो तेव्हा मी चर्चगेटला ऑफिसात असतो, पण लक्ष सगळं इकडे. विनया फक्त टाकीत काठी घालून पाणी बघते, पाइप लावून घेते, कॉक फिरवते, चिठ्ठीवर सही करते आणि भांडणं मिटवते. धोरण माझं.

२२ जानेवारी
नोटीस लावली. विशेष सर्वसाधारण सभा, २६ जानेवारी, झेंडावंदनानंतर, पार्किंगमध्ये. विषय: सेक्रेटरी अंदमानात असताना उद्भवणारी परिस्थिती. अक्षर सुरेख आलं. रडारड होईल, सांभाळून घ्यावं लागेल.

२६ जानेवारी, रविवार
सहा वर्षांत प्रथमच कोरम पूर्ण झाला. एरवी अर्धा तास सभा तहकूब करून तिथेच पुन्हा भरवतो. मी प्रास्ताविक सुरू केलं, तर तिसऱ्या मजल्यावरचा जितेश मध्येच म्हणाला, काका, तुम्ही बिनधास्त जा, मी बघतो. एकमताने मंजूर. चार मिनिटं. कुणी रडलं नाही. वर कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सामोसे वाटले.

२७ जानेवारी
झोप नाही. सामोसे आधीच आणलेले होते. याला कट म्हणतात.

२ फेब्रुवारी, रविवार
निर्णय झाला. जितेशकडून चार्ज परत घेतला. त्याने ‘बरं’ म्हटलं, त्यातही काहीतरी आहे. विनयाला सांगितलं की यंदा नको, पुढच्या वर्षी जाऊ, सोसायटीचं पाणी माझ्या खांद्यावर आहे. ती गव्हाचं पीठ चाळत होती. चाळण आपटून कोंडा काढला. मग म्हणाली, “तुम्ही थांबा. मी जाणार आहे. एकवीस वर्षं ‘पुढच्या वर्षी’ ऐकलं, आता पुरे.”
मला वाईट वाटलं. पण तिचा राग दोन दिवस टिकतो.

४ फेब्रुवारी
विनयाने माझ्या जागी इनेझ टीचरचं नाव घातलं. त्यांची बॅग पंधरा मिनिटांत तयार झाली.

१४ फेब्रुवारी
फाइल विनयाला सुपूर्द केली. वजन जास्त होतंय म्हणून तिने धोके विभाग काढून ठेवला. मजा विभाग मी लिहिलाच नव्हता.

१५ फेब्रुवारी
विनया, क्षितिजा आणि इनेझ टीचर, तिघी गेल्या. विनया गाडीच्या खिडकीतून हात हलवत होती. नवी साडी, मला माहीतच नव्हती. रजा मंजूर होती, ती तशीच ठेवली. आता दहा दिवस पूर्णवेळ सोसायटीसेवा. बघतीलच आता सगळे.

१८ फेब्रुवारी, दुपारी ३
आज टँकर जातीने घेतला. काल-परवा जितेशने परस्पर घेतला होता, त्याला कडक समज दिली. अकराला ड्रायव्हर सॅन्टन उतरला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, वहिनी नाय? मग पानी कंच्या टाकीत सोडू? मी म्हटलं, मी सेक्रेटरी. तो म्हणाला, ते ठीक, पन कंच्या टाकीत?
पुढच्या, असं ठामपणे सांगितलं. पुढची भरलेलीच होती. अर्धा टँकर पार्किंगमध्ये, तिथून जिन्याखाली, तिथून मीटररूमच्या उंबऱ्यापर्यंत. बायका बादल्या घेऊन धावल्या. जितेश विजार दुमडून खराट्याने पाणी लोटायला लागला. ते जास्त लागलं.
तेवढ्यात घरात फोन वाजला, धावत वर गेलो. पोर्ट ब्लेअरहून विनया, एसटीडी बूथवरून. मी सगळं कुशल असल्याचं सांगितलं. खालचा आरडाओरडा तिला ऐकू गेला असावा. म्हणाली, फोन गॅलरीत न्या. वायर पुरली. मग ती सांगत गेली आणि मी वरून ओरडत गेलो. मागच्या टाकीचं झाकण काढा. काठी घाला. ए विंगचा कॉक बंद, बी विंगचा अर्धा. पाइप मागे घ्या. दहा मिनिटांत उरलेलं पाणी मार्गी लागलं. सॅन्टन खालून हात जोडून म्हणाला, वहिनींना नमस्कार सांगा. सगळी सोसायटी वर बघत होती. माझ्याकडे नाही, रिसीव्हरकडे.
मग मला वेळ मिळाला. विचारलं, कसं आहे? तिने इतकं भरभरून सांगितलं की मला मध्ये हं म्हणायलाही जागा नव्हती. पाणी तळापर्यंत दिसतं. इनेझ टीचर साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. झाडं इतकी उंच की मान दुखते. आता बोट सुटतेय, इको-लॉजवर फोन नाही, पाच दिवस काळजी करू नका.
मी फोन कानाला धरून ठेवला. ‘तुम्ही असता तर’ एवढं ती म्हणेल असं वाटलं.
तिने ठेवला होता.