दगडाची जागा

तूत्तुकुडी,
ईस्टरनंतरचा सोमवार

प्रिय सिलुवै,

बहरीनला निघायच्या आधी तू माझ्या टेबलावर एक दगड आपटून गेलास, "घे, तुला असली घाण आवडते ना," म्हणत. त्याच्यावरचा विटकरी पापुद्रा नव्या जातीचा निघाला. नवा म्हणजे आपल्याला नवा. तो बिचारा पोवळ्याच्या पोटाखाली कधीपासून पसरत बसला होता. नुसत्या डोळ्यांना खरूज वाटते, पण भिंगाखाली एकाला एक लागून चिमुकली घरं दिसतात. प्रत्येक घरात एक जीव, दाराला झाकण, आणि झाकणाच्या दोन्ही अंगांना एकेक दात. असा दात त्याच्या कुठल्याच भावंडाला नाही. वर्णन लिहायचं तर भिंती स्वच्छ दिसाव्या लागतात, म्हणून एक कोपरा ब्लीचच्या पाण्यात ठेवला. आत राहणाऱ्यांचं जे काही वाळून उरलं होतं ते विरघळलं आणि घरं लख्ख झाली. मला उगाच रडू आलं. माझ्या गाइड मॅडमनी विचारलं, "वास चढला का गं?" मी हो म्हटलं.

आता घोडं अडलंय ते जागेवर. नवी जात नेमकी कुठे सापडली हे लिहावं लागतं. शिवाय पिल्लं वाढवायची कोठी असलेलं एकही घर या तुकड्यावर नाही. तशी वसाहत त्याच जागेवरून आणायला हवी, तीही नैऋत्येचा कच्चान वारा सुटून पाणी गढूळ व्हायच्या आत. वनखात्याची परवानगी हातात आहे. मॅडम म्हणतात, "मन्नारचं आखात एवढं लिही आणि मोकळी हो." मला तसं मोकळं होता येत नाही. म्हणून बंदरावर जाऊन तू शंखांसाठी बुड्या मारायचास त्या नावेचे मालक, मोत्ता अण्णन, यांना गाठलं. ते जाळं शिवत बसले होते. म्हणाले, "अगं, शंखाची जागा कुणी बायकोलाही सांगत नाही. आणि तुझा सिलुवै? नाव माझी, डिझेल माझं, पण नांगर पडेपर्यंत मलाच किनाऱ्याकडे पाठ करून बसवायचा." मग सुई दातात धरून हळूच विचारलं, "दगडाची जागा शोधतेयस की दगड आणणारा?" सगळा धक्का हसला. मीही हसले, दुसरं काय करणार?

तुला फोनवर विचारलं तेव्हा तू आढेवेढे न घेता सांगून टाकलंस, याचं मला अजून नवल वाटतं. नावेतून किनाऱ्याकडे बघताना चर्चचा मनोरा बर्फाच्या कारखान्याच्या चिमणीवर चढला आणि दीपगृह सशांच्या बेटाच्या टोकाला टेकलं, की तिथेच बुडी मारायची. पण चिमणी गेल्या वर्षी पाडली रे. हे सांगितल्यावर तू म्हणालास, "मी असतो तर पाण्याच्या रंगावरून ओळखली असती. बघू." तुझं ते 'बघू' मला लहानपणापासून ठाऊक आहे. अण्णनबरोबर मी दोनदा जाऊन आले. दीपगृह बेटाला टेकलेलं ठेवून आम्ही नुसते पुढे जात राहिलो, थांबायचं कुठे ते कळेना. दोन्ही वेळा दुसऱ्याच जातींचे पापुद्रे घेऊन परतलो.

तुझी आई, म्हणजे माझी अत्तै, बरी आहे. रविवारी मला जेवायला बोलावतेच. माशाचं डोकं तुझ्या वाट्याचं असायचं, ते आता माझ्या ताटात पडतं. काल कालवण वाढता वाढता म्हणाली, "आमचे साहेब पुन्हा दोन वर्षांच्या करारावर सही करतायत म्हणे. करू दे. इथे त्याचं काय ठेवलंय?" आणि माझ्याकडे बघत राहिली. मी माशाचं डोकं चिवडत बसले. शेवटी तीच म्हणाली, "खा. काटे बघून खा."

तर आता खरं सांगते. मॅडमचं चुकत नाही. आखाताचं नाव घातलं तरी लेख छापतील. मीच लिहीत नाही, कारण एकदा ते लिहिलं की तुला बोलावायला माझ्याकडे निमित्त उरत नाही. आणि मला तू हवा आहेस, दगड असो की नसो. हे फोनवर बोलले असते तर तू 'बघू' म्हणाला असतास, म्हणून अण्णनच्या मेहुण्याच्या हाती हे पत्र पाठवतेय; तो परवा विमानात बसतोय. जाताना तू म्हणाला होतास, काही नवं निघालं तर बाप्तिस्म्याला बोलाव आणि माझं नाव दे. बोलावतेय, पण नाव तुझं देणार नाही, त्या दातावरून देणार आहे. तुझं नाव मला संग्रहालयातल्या डबीवर नको, दारात उभं राहून हाक मारायला हवंय. त्या करारावर सही करू नकोस. ये, आणि मला त्या जागेवर घेऊन चल. नांगर पडेपर्यंत मी किनाऱ्याकडे पाठ करून बसेन.

तुझीच, अजूनही,
जेनोवा