आजींचं औषध चढताना

आई, तुला वाकून नमस्कार.

घरी कधी येतेस, असं तू विचारलंस.

माझ्या वॉर्डात एक आजी आहेत. साखर वाढलेली, गाल सुजलेला. घरच्यांना वाटलं, दाढ दुखतेय. मी नाकातली काळी खपली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर बुरशी! ती डोळ्यापर्यंत पसरण्याआधी लगेच ऑपरेशन झालं, डोळा वाचला. पण बुरशीचं औषध अजून बरेच आठवडे सलाईनमधून द्यायचंय. ते चढताना त्यांना हुडहुडी भरते, तेव्हा माझाच हात धरतात. "पोरी, तू गेलीस तर सुई उपटून टाकीन," म्हणतात. तुझ्यासारख्याच हट्टी!

तू साखर तपासलीस ना? न तपासताच 'तपासली' म्हणून बाबांना थापा मारू नकोस. तुझ्या कुशीत झोपावंसं फार वाटतं गं.

मंजूर झालेली रजा मी आज सकाळी रद्द केली.

तुझीच लेक