यहूदाच्या खांबाची भेग

आई, काल मी देवळात ओरडले. भर प्रदर्शनात, एवढ्या माणसांदेखत, वेदीकडे पाठ करून. तू असतीस तर एकदा मान वळवून बघितलं असतंस आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नसतीस. तुझा तो अबोला मला छडीपेक्षा जड जायचा. आता माझीच पासष्टी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी ओरडून झाल्यावर पहिला विचार आला तो हाच, की आईला कळलं तर काय म्हणेल. तुला जाऊन किती काळ लोटला याचा तेवढ्यापुरता विसरच पडला होता. म्हणून म्हटलं, सगळं सांगून टाकावं.

तुझ्या माघारी काय झालं ते आधी सांगते. कॅम्प आणि पेठांच्या मधलं आपलं ते काळ्या दगडाचं देऊळ आता बघायची जागा झालंय. दरवर्षी थंडीत आठवडाभर तिथे प्रदर्शन भरतं, आणि ते नुसतं आपल्या मंडळीचं नसतं, आसपासच्या सगळ्यांचं असतं. तांब्याची भांडी ठोकणारे आपले नक्षीचे तांबे मांडतात, पलीकडच्या गल्लीतले एक चाचा बोरूने लिहिलेली सुंदर अक्षरं लावतात, पेठेतल्या बायका येऊन मधल्या वाटेवर रांगोळी घालतात. त्यांतल्या एक म्हणाल्या, अहो, लग्न होऊन आले तेव्हापासून घंटा ऐकतेय, आत पाऊल मात्र आज टाकलं. पाळकसाहेब प्रत्येकाला सांगत असतात की चपला राहू द्या पायात, तरी दाराशी चपलांचा ढीग पडतोच. तुला तो ढीग आवडला असता. आणि मग कॉलेजातली एक मुलगी माइक घेऊन सगळ्यांना देऊळ दाखवते. छप्पर म्हणजे उलटं घातलेलं नोहाचं तारू, वेदीमागच्या तीन खिडक्या पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्रैक्याच्या, बारा खांब म्हणजे बारा प्रेषित. अकरा खांबांच्या माथ्यावर दगडी पानं कोरलेली, बाराव्याचा माथा कोरा, कारण तो यहूदाचा, ज्याने येशूला धरून दिलं. सगळं तुझंच, तू रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकवलेलं, फक्त आता इंग्रजी फोडणी दिलेली. त्या कोऱ्या खांबापाशी आली की ती थांबते आणि सांगते, "सो, हा जो क्रॅक आहे ना, तो इंटेन्शनल आहे. कारागिराने मुद्दाम ठेवलाय, विश्वासघाताचा सिम्बॉल म्हणून." लोक माना डोलावतात आणि भेगेला पाठ टेकून फोटो काढून घेतात. यंदा कापडी पिशव्यांवरसुद्धा ती भेग छापली आहे, निळ्या रंगात. पिशवी तशी बरी आहे, मीही एक घेतली.

यंदा कमिटीने ठरवलं की तुझ्या ट्रंकेतली चित्रं मांडायची. ती ट्रंक तू गेल्यावर देवळाच्या मागच्या खोलीत राहिली आणि तुझी रीतही राहिली. दृढीकरणाच्या विधीला बसणाऱ्या मुलांनी आधी एकेक चिठ्ठी उचलायची आणि ज्या प्रेषिताचं नाव निघेल त्याचा खांब काढायचा. खोडरबर न्यायचं नाही. पेन्सिल हात लांब करून धरायची, एक डोळा मिटायचा, माप घ्यायचं, आणि दिसेल तेवढंच कागदावर उतरवायचं. चुकलं तर चूक दिसू दे, म्हणायचीस. तुझ्यानंतर ज्या ज्या बाई आल्या त्यांनी तुझ्या धाकाने म्हण की प्रेमाने म्हण, ही रीत मोडली नाही. त्यामुळे ट्रंकेत दर वर्षाचा पेत्र आहे, दर वर्षाचा थोमा आहे, आणि दर वर्षाचा यहूदाही आहे. ज्याला यहूदा निघायचा त्याला बाकीची पोरं पार रडकुंडीला आणायची. माझ्या वेळी तो मलाच निघाला. मी रडत तुझ्याकडे आले आणि "आई" म्हणून हाक मारली, तर तू थंडपणे म्हणालीस की इथे मी बाई आहे. पण मग स्वतःची मऊ पेन्सिल माझ्या हातात दिलीस. यहूदा ज्याला येतो त्याने सगळ्यांत नीट बघायचं असतं, असंही म्हणालीस. ती पेन्सिल मी वापरून वापरून नखाएवढी केली होती.

चित्रं लावायचं काम माझ्याकडे आलं, ड्रॉइंगच्या बाईंची मुलगी म्हणून. जन्मभर बँकेत चेक वटवले, पण ते कोण लक्षात घेतो. सोमवारी सकाळी मी हडपसरहून बसने आले, ट्रंक उघडली आणि पहिला तास शिंका देण्यातच गेला. मग वाटलं, वर्षावर्षाचे गठ्ठे कशाला, एकेका प्रेषिताची चित्रं सलग लावू, म्हणजे पिढ्या दिसतील. पेत्र लावला, योहान लावला, आणि यहूदा शेवटी घेतला. सगळ्यांत आधी तू फळ्यापाशी मुलांना दाखवायला काढलेलं चित्र. त्यात खांब अखंड आहे, भेग नाहीच. मला वाटलं, तू ती घाईत गाळली असशील. पण तू आणि गाळणार? त्याच्यानंतर दोनचार मुलांची चित्रं, त्यांतही नाही. मग माझं. माझ्या चित्रात पायथ्यापासून गुडघ्याएवढी एक बारीक रेघ आहे. पुढच्या वर्षी ती गायब, कारण तेव्हा चुना भरला होता, ते मला आठवतं. त्याच्या पुढच्या वर्षी रेघ पुन्हा आली आणि थोडी उंच आली. प्रत्येक चित्रात खांबावर जुन्या दिव्याची लोखंडी कडी आहे, सगळ्या मुलांनी ती इमानाने काढली आहे. रेघ त्या कडीच्या खाली होती, मग कडीला टेकली, मग कडीच्या वर गेली. यंदाच्या मुलाने ती थेट कोऱ्या माथ्यापर्यंत नेली आहे, आणि खाली पायथ्याशी ठिपके ठिपके काढलेत. मी खांबापाशी जाऊन वाकून पाहिलं तर फरशीवर चुन्याची भुकटी होती. बोटाने पुसली, चित्रांकडे परत आले, काहीतरी उचलायला म्हणून पुन्हा गेले तर पुन्हा होती. मुद्दाम ठेवलेली भेग वाढते कशी गं, आई?

आणि मग मला तो दिवस आठवायला लागला, जो मी इतकी वर्षं गोड आठवण म्हणून जपला होता. मी चित्र काढते आहे, तू मागून येतेस. मी विचारते, "बाई, हा खांब पडणार का?" तू पदराला हात पुसतेस, भेगेवर तळवा ठेवतेस आणि चटका बसल्यासारखा मागे घेतेस. मग माझ्याशेजारी उकिडवी बसून सांगतेस की नाही गं, ती कारागिराने मुद्दाम ठेवली आहे, यहूदाचं मन दुभंगलं होतं ना, म्हणून. काय सुरेख सांगितलंस. माझी भीती पळालीच, वर मी ती गोष्ट सगळ्या वर्गाला सांगितली, पोरांनी घरी नेली, घरच्यांनी पाहुण्यांना सांगितली. पण पुढच्या रविवारी तू आमचा वर्ग उचलून पलीकडच्या भिंतीला नेलास. इथे उजेड चांगला आहे, म्हणालीस. तिकडे उजेड कधीच नव्हता. आम्ही डोळे बारीक करून वचनं वाचायचो.

त्याच नाताळातलं स्वयंपाकघर आठवतं. तू करंज्या करते आहेस, कातणं गरागरा फिरवते आहेस, मी सारण भरते आहे, बाबा दारात उभे आहेत. तू त्यांना सांगते आहेस की देवळाच्या पंचांना सांगितलं, ते हसले. म्हणाले, बाई, तुम्ही चित्रं शिकवा, इमारत आम्ही बघतो, चुना भरून घेऊ. बाबा म्हणाले, सोड ना मग, सांगायचं काम तू केलंस. त्या घाण्यातल्या करंज्या तेलात फुटल्या, सारण करपून घरभर वास पसरला, आणि तू मला उगाचच रागावलीस, की कडा नीट दाबल्या नाहीस म्हणून. कडा तूच दाबत होतीस. मला तेव्हा फक्त तुझा राग आला होता. आता कळतं की तुला माहीत होतं. पंचांनी ऐकलं नाही, लेकराला घाबरवायचं नव्हतं, म्हणून एक गोष्ट रचलीस आणि वर्ग हलवलास. पण आई, गोष्ट पंचांनाही आवडली. भेगेला अर्थ मिळाला, मग दुसऱ्यांदा कोण कशाला बुजवतंय. पुन्हा चुना भरायला गवंडी आला, तर म्हणे मंडळींनीच त्याला परत पाठवलं, की ती आपली खूण आहे.

मी मंगळवारी पाळकसाहेबांना ती चित्रांची रांग दाखवली. चांगला मुलगा आहे, काकू काकू करतो, हात मागे बांधून शेवटपर्यंत बघितलं. पण कमिटीच्या सेक्रेटरींनी चष्मा पुसत विचारलं, मुलांच्या ड्रॉइंगवरून आता बांधकामाचे निर्णय घ्यायचे का? मी म्हटलं, मग भुकटीवरून घ्या. ते म्हणाले, जुनी इमारत आहे, काकू, आपणही खोकतोच की. प्रदर्शन रविवारी संपतंय, त्यानंतर एखाद्या इंजिनिअरला बोलावू, आत्ता लोकांत घबराट नको. मी बुधवारी पुन्हा गेले, गुरुवारी पुन्हा. गोष्ट तुझी होती हे मात्र सांगायचं धाडस होईना. एवढी माणसं तुझं नाव आदराने घेतात, भिंतीवर तुझा फोटो लावलाय, त्याला हार घातलाय. शुक्रवारी मी स्वतःच खांबापुढे एक बाक आडवा टाकला, तर कोणीतरी त्यावर बुटांसकट चढून फोटो काढला. रात्री झोप कसली येते. रस्त्यावरून डंपर गेला तरी मी अंथरुणात उठून बसायचे, जसं काही हडपसरला बसून मला तो आवाज ऐकू येणार होता.

काल नातीला घेऊन गेले. न्यायला नको होतं, पण यंदाच्या मुलांत तिचंही चित्र लागलंय, ती ऐकेना. तिने सगळं पाहिलं, तांब्यांत तोंड बघितलं, आणि त्या खांबाशी जाऊन उभी राहिली. वर बघत मला म्हणाली, "आजी, हा पडणार का?" तुला शपथेवर सांगते, माझ्या तोंडून तुझीच गोष्ट निघाली. शब्दनशब्द तीच, कारागीर, दुभंगलेलं मन, सगळं. मी सांगत होते आणि मलाच माझा आवाज तुझ्यासारखा वाटत होता. पोरीचा चेहरा उजळला. तिने वळून पाठ खांबाला टेकली, जशी सगळी टेकतात, आणि म्हणाली, काढ फोटो. मी फोन वर धरला. तिच्या काळ्याभोर केसांत वरून पांढरं पीठ पडत होतं, दळण चाळताना पडतं तसं, सावकाश. आवाज काहीच नाही. मी ओरडले, "सरक तिथून! सगळेच सरका!" माइक थांबला. पोरगी रडत माझ्याकडे पळाली. पाळकसाहेब आले, त्यांनी तिच्या केसांवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग भेगेवर तळवा ठेवला. आणि आई, त्यांनीही तो तसाच चटकन मागे घेतला, आत दगड हलल्यासारखा. मग त्यांनी सेक्रेटरींकडे बघितलंसुद्धा नाही. हळू आवाजात सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि शेवटच्या माणसामागून बाहेर येऊन दार लावलं. ढिगातून आपापल्या चपला शोधत लोक आवारात बराच वेळ उभे होते.

आज रविवार. उपासना आवारात मांडव घालून झाली. घंटा वाजवली नाही, हादरा नको म्हणून. त्या रांगोळीवाल्या बाई मुद्दाम आल्या होत्या, घंटा का नाही विचारायला. देऊळ आमच्यासमोर उभंच होतं, नेहमीसारखं, आणि सगळी मंडळी गाताना त्याच्याकडेच बघत होती. एका गीताच्या मध्ये आत काहीतरी घरंगळल्यासारखं वाटलं. पेटीवाल्याचे हात थांबले. मग त्याने पुन्हा सुरुवात केली. इंजिनिअर उद्या येणार आहे. तो काय सांगेल ते मला ठाऊक आहे असं वाटतं, आणि ते ऐकायला मी जाणार आहे.

हे पत्र तुझ्या ट्रंकेत ठेवावं म्हटलं होतं, पण ट्रंक आत आहे आणि दाराला कुलूप आहे. तेव्हा ते माझ्याकडेच राहणार. एक राहिलं. काल परतताना रिक्षात नातीने केस झटकत विचारलं, ती गोष्ट खोटी होती का? मी हो म्हटलं. मग विचारलं, कोणी बनवली? भिंतीवरचा तुझा हार घातलेला फोटो तिने दुपारीच पाहिला होता, तिच्या वर्गातल्या मुलींना दाखवला होता. मी म्हटलं, मीच बनवली. का? तू घाबरू नयेस म्हणून. ती म्हणाली, मग मला तिथे उभं का राहू दिलंस. मी तिच्या केसांत राहिलेली भुकटी बोटांनी काढत राहिले. तिला एवढंच सांगितलं नाही, की गोष्ट सांगत होते तेवढ्यापुरती माझीसुद्धा भीती गेली होती.