कापलेल्या वायरी

३ ऑक्टोबर

आले बाई एकदाची. दोन बॅगा, एक रजई आणि माझे गुडघे, एवढंच सामान. सून जोनेल दारातच म्हणाली, आई, आता हे घर तुमचं. मी म्हटलं, माझं ना, मग झाडायचं कोणी? हसली. माझा लेक वेंडल गेल्याला दोन वर्षं झाली, त्यानंतर ती हसताना मी आजच पाहिली. हे लिहितेय तीच. मला अक्षर येत नाही. केंटकीच्या डोंगरात नऊ भावंडांत माझ्या वाटणीला पाटी आली नाही, झाडू आला. रोज सकाळी कॉफी पिता पिता मी बोलणार, ती लिहिणार. मध्ये आपलं काही घुसडायचं नाही, असा दम देऊन ठेवलाय.

वेंडलचा छंद घरभर उभा आहे. जुने व्हॅक्यूम क्लीनर, एक्केचाळीस! जिन्यावर, कपाटात, न्हाणीघरातसुद्धा. पन्नास वर्षं मी ओहायोभर परक्यांची घरं असल्याच मशिनांनी साफ केली, आणि दमून येऊन पडले कुठे, तर त्यांच्याच गोतावळ्यात.

७ ऑक्टोबर

गावातल्या बंद पडलेल्या कारखान्यानं कधीकाळी मोजकीच हिरवी मशिनं बनवली होती. वेंडलला त्यातलं एकही मिळालं नाही, म्हणून जोनेलनं ध्यास घेतलाय. काल एक सापडलं कोंबड्यांच्या खुराड्यात, गवताखाली पुरलेलं. आज दुसरं, बंद मोटेलच्या फ्रीजरमध्ये. मालकाला विचारलं, बाबा, हे काय मांस म्हणून ठेवलं होतंस? तो हसला नाही. घेऊन जा म्हणाला, आणि आत गेला.

दोन्ही मशिनांच्या वायरी बुडापासून कापलेल्या. जोनेलनं बसून नव्या जोडल्या. गोळा करणाऱ्यांची ही रीतच आहे म्हणे: मशीन मिळालं की वायर जोडायची आणि एकदा तरी चालवून बघायचं, नाहीतर ते मोजणीत धरत नाहीत.

१० ऑक्टोबर

खुराड्यातलं मशीन चाललं. मांजर घुरघुरावं तसा आवाज. खोली मी सकाळीच झाडली होती, तरी पिशवी फुगली. पिशवी टाकण्याआधी आत बोटं फिरवायची माझी सवय. मालकिणींची कितीतरी कर्णफुलं मी अशी परत केलीत. आज बोटांना लागले केस. तांबूस, राठ, आखूड. आणि चेरीच्या तंबाखूचा वास.

वेंडलची दाढी. आईला ओळखायला वेळ लागत नाही.

जोनेलनं ती मूठ छातीशी धरली. मीही धरली, खोटं कशाला बोलू.

१४ ऑक्टोबर

मोटेलचं मशीनही ती आता रोज चालवते. पिशवीत शर्टाचं बटण निघालं. मग नखं. काल एक दात. ती सगळं बरणीत ठेवते.

फार थकलीय. दुपारी बसल्या जागी डोळे मिटतात. मक्याची भाकर तिच्यापुढे तशीच वाळते. आज उजेडात नीट पाहिलं, तर गालावरचे ठिपके नाहीत. एकही नाही. या पोरीला मी लग्नात चिडवलं होतं, चेहऱ्यावर दालचिनी सांडलीय का गं म्हणून. हे सांगताना तिनं पेन्सिल थांबवली. लिही म्हटलं. लिहिलं असावं.

१६ ऑक्टोबर

तिसरं मशीन चर्चमध्ये सापडलं, बाप्तिस्म्याच्या हौदाखाली. वायर कापलेलीच. तिथल्या म्हाताऱ्या क्लेव्हेंजरबाईंनी मला बाजूला घेतलं. ते त्यांच्या आईनं लपवलेलं. त्यांचा भाऊ नदीत बुडाला, त्यानंतर आई ते चालवत बसायची. भाऊ थोडा थोडा येत गेला. बापानं मशीन चालवायला मदत केली, आणि बाप थोडा थोडा कमी होत गेला. शेवटी घरात पुन्हा माणसं तेवढीच उरली, पण तीच नाही. आईनं वायर कापली तेव्हा फार उशीर झाला होता, दोघंही गेले. बाई म्हणाल्या, ही मशिनं जाळली तरी जळत नाहीत, म्हणून सगळ्यांनी वायरी कापून लपवली. आणि तुम्ही दोघी शहाण्या, वायरी जोडत बसलात.

घरी येऊन जोनेलला सारं सांगितलं. ती म्हणाली, आई, तुमचाच मुलगा आहे ना तो?

मी बरणीचं झाकण घट्ट लावलं.

१८ ऑक्टोबर

अंगठी तिच्या बोटातून गळाली. आवाज घोगरा, अर्धा. मशिनं मी परसात नेली. दोन पायऱ्यांवर दम लागला, तिसरीला बसले. तिनं परत आत आणली. तिच्यात ताकद कुठून येते? माझ्यात तर उरली नाही.

१९ ऑक्टोबर

वरच्या खोलीत पावलं. जड. टाच आधी टेकणारी.
जोनेलची नाहीत. मी वर गेले नाही. आईनं जायला हवं होतं—

२० ऑक्टोबर

तिला आरशासमोर उभी केली. म्हटलं, बघ. तिच्या आरपार पडद्याची फुलं दिसत होती.
ती म्हणाली, अजून एकदाच. फक्त चेहरा राहिलाय.
थकले. फार थकले. पण हिला जाऊ द्यायची नाही. लेक एकदा पुरलाय मी. सून पुरणार नाही.

२१ ऑक्टोबर

कॉफी ओततेय. पाठ टेबलाकडे आहे, तरी लिहून घे, जोनेल. आज ठरवलं. मशीन—

वर मशीन चालू आहे.
जोनेल वर आहे. तिचं खोकणं ऐकू येतंय, बारीक, पिशवीतून आल्यासारखं.
आणि मागं पेन्सिल चालतेय.

वळले. डाव्या हातानं लिहितोय. माझा लेक डावखुरा. मास्तरांनी किती मारलं तरी—
चेहरा अजून नाही. दाढी आहे.

वरचं सॉकेट बिघडलंय, म्हणून मशीनची लांब वायर जिन्यावरून इथं खाली, माझ्या पायाशी येते. वाकले. प्लग हातात आहे.
त्यानं माझं मनगट धरलं. हात ना गार, ना गरम. धुळीसारखा.
सोड, बाळा. ती अजून खोकतेय, म्हणजे आहे. लिही. लिही की आईनं तुला दुसऱ्यांदा स्वतःच्या हातानं—