कूलरच्या वेळी घेतलेला टेपरेकॉर्डर

शुक्रवार, १२ मे १९७८

रविवारी संध्याकाळी माझ्या बायकोच्या, सुमतीच्या, नाचाच्या वर्गातल्या मुली टेपवर नाचणार. टेप रेंगाळला की ठेका गेला. म्हणून ती टेपरेकॉर्डरच्या खरेदीला मुद्दाम संध्याकाळीच निघाली! तेव्हा अख्खी धरमपेठ कूलर लावते, व्होल्टेज पडतं. मला आवडलेल्या चकचकीत टेपातली गायिका बघता बघता पुरुषी आवाजात रडू लागली. तेवढाच विजेचा भार कमी व्हावा म्हणून दुकानदाराने घाईघाईने पंखा बंद केला.

"वहिनी, सकाळी या न! आताच काहून तपासून राहिल्या?"

"भाऊ, नाच संध्याकाळी आहे. लावा पंखा."

मग एक बेढब, करडा टेप लावला. धरमपेठेचे कूलर चालूच, दुकानातला पंखाही. सुमतीने पदर खोचला आणि दुकानातच गिरक्या घेतल्या. ठेका हलला नाही.

"हाच बांधा."

टिंगलीचे लेख लिहून पोट भरणारा मी, पण पहिली टाळी माझीच वाजली.