मेव्हण्याचं घड्याळ आणि माझं थंड डोकं

३ नोव्हेंबर, सकाळ
ला शो-द-फाँ या आमच्या घड्याळांच्या गावातल्या घड्याळप्रेमी मंडळाने वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ माझ्याकडे दिलं. दोन जुनी, चावीची क्रोनोग्राफ, म्हणजे कळ दाबून सेकंद-मिनिटं मोजायची मनगटी घड्याळं, शेजारी-शेजारी ठेवून फोटो काढायचे आणि सरस कुठलं ते लिहायचं. एक माझं. दुसरं ब्लेझचं, म्हणजे माझ्या बायकोच्या, सोलांजच्या, धाकट्या भावाचं. निकाल अगदी निःपक्षपातीपणे देणार. माझंच सरस आहे, हा भाग वेगळा.
संकल्प: यंदा चिडायचं नाही. तसा मी मुळात शांतच. घड्याळांच्या कारखान्याच्या कॅटलॉग विभागातून मला काढलं, कारण तिथले लोक भित्रे होते.

६ नोव्हेंबर
ब्लेझ आला. दातांचा डॉक्टर. पांढरे हातमोजे चढवून पेटी अशी उघडली, जणू कुणाची अक्कलदाढ काढतोय. त्याची तबकडी काळी, म्हणजे काचेत दिवा दिसणार, धुळीचा कण न् कण दिसणार. माझी रुपेरी, शालीन. फोटो काढला. त्याने स्क्रीनवर पाहिला आणि म्हणाला, "दाजी, तुमचं घड्याळ उकडलेल्या बटाट्यासारखं दिसतंय हो."
मी हसलो. नंतर वळताना माझं कोपर त्याच्या नाकाला लागलं. रक्त बरंच आलं. प्रकाश मऊ करायला लावलेला माझा पांढरा कागद वाया गेला.
सोलांज म्हणते, तू मारलंस. मी म्हटलं, मी वळलो. घर लहान आहे.

१० नोव्हेंबर
बाजारात चीजच्या दुकानापाशी ब्लेझ भेटला. नाकावर पट्टी. मीच पुढाकार घेऊन म्हणालो, नाक आधीपेक्षा बरं दिसतंय. चांगल्या मनाने म्हणालो. त्याने काउंटरवरचा चीजचा थोरला तुकडा उचलून माझ्या कानशिलात हाणला.
मी उलटा हात उचलला नाही. दुकानवाली मधे पडेपर्यंत जे झालं ते झटापटीत मोडतं, ते धरायचं नसतं. त्याच्या शर्टाची बाही फाटली. ती आधीच विरलेली असावी.

११ नोव्हेंबर
कानात घंटा वाजतेय. आज नेमकी कळ दाबल्याचा आवाज ऐकून तुलना करायची होती. दोन्हींचा ऐकू आला नाही. तरी माझ्याचा जास्त स्पष्ट.

१७ नोव्हेंबर
सोलांजने समेटासाठी दोघांना फॉन्ड्यूला, म्हणजे उकळत्या चीजच्या भांड्याभोवती, बसवलं. अट एकच: पाव बुडवा, खा, घड्याळाचं नाव काढू नका. मी पाळली. ब्लेझनेही पाळली, नाव काढलं नाही. नुसती कळ दाबून मनगट मिनिटभर माझ्या नाकासमोर धरलं. मिनिटाचा काटा टुणकन पुढे गेला. "याला उडी म्हणतात, दाजी. तुमचा सरपटतो."
यानंतर भांडं उलटलं. कुणी उलटवलं याबद्दल मतभेद आहेत. उकळतं चीज त्याच्या हातावर गेलं. तो किंचाळला आणि हातातला पाव बुडवायचा लांब काटा माझ्या मांडीत खुपसला. चांगला आतपर्यंत. दवाखान्यात डॉक्टरांनी दोन भोकं पाहून विचारलं, साप चावला का? मी म्हटलं, हो, मेव्हणा.
सोलांज हसली नाही. म्हणाली, "आर्मां, तुम्ही दोघं एक दिवस कुणाचा तरी जीव घ्याल." बायका फार पुढचं बघतात.

२४ नोव्हेंबर
शेवटचे फोटो. सकाळी दीर्घ श्वसन केलं. मन तळ्यासारखं. दोन्ही घड्याळं मखमलीवर, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर, सेकंदकाटा शून्यावर. ब्लेझने टेबलाला धक्का दिला. मुद्दाम. मी त्याची कॉलर धरली, त्याने माझा गळा. मग मी कॅमेऱ्याची तिपाई उचलली. बाजूला ठेवायलाच उचलली. जरा जोरात ठेवली.
सोलांज कॉफी झाली सांगायला आली होती. ती मधे आली.
गळ्याखालचं हाड मोडलं. मोडताना आवाज झाला. तो मात्र स्पष्ट ऐकू आला.
घड्याळं खाली पडून दोन्हींच्या काचा फुटल्या. ब्लेझने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मीही नाही. पाहिलं असेन तर क्षणभर.

२५ नोव्हेंबर
सोलांजने पोलिसांना सांगितलं, पाय घसरून पडले. म्हणजे माझी काही चूक नाही हे तिलाही मान्य आहे. दवाखान्यातून ती परस्पर ब्लेझकडे गेली. तिथे जिने फार. कंटाळून रविवारपर्यंत येईल.

२ डिसेंबर
आली नाही. पाहुणी म्हणून गेलीय, राहू दे.
मंडळाने मुखपृष्ठावर बर्फातल्या शहराचा फोटो टाकला. कुणाच्या तरी मोबाइलवर काढलेला. वाकडा. मंडळाचा दर्जा घसरत चाललाय.

८ डिसेंबर, दुपार
फुलं घेऊन ब्लेझकडे गेलो. तो मारणार हे उघड होतं, म्हणून जाड कोट घातला, जबड्याभोवती मफलर गुंडाळला, चष्मा काढून खिशात ठेवला. पहिला ठोसा खायचा, दुसरा आपला, असं जिन्यातच ठरवलं.
दार त्यानेच उघडलं. मी तयार.
म्हणाला, "हळू बोला, दाजी. आत्ताच तिचा डोळा लागलाय. दुखतं ना, झोप येत नाही तिला."
मी म्हटलं, मी आलो होतो म्हणून सांग.
"सांगतो." भाजलेल्या हाताने त्याने फुलं घेतली. त्या हातावरची कातडी अजून गुलाबी आहे. "बाहेर बर्फ झालाय. जपून जा." आणि आवाज होऊ नये म्हणून दार अगदी सावकाश लावलं.
मी जरा वेळ तिथेच उभा राहिलो. काही राहिलंय असं वाटत होतं.
बसमध्ये समोरची बाई माझ्याकडे बघून उठली आणि मागे जाऊन बसली. मला कळेना. चष्मा घालावा म्हणून हात खिशाकडे नेला तेव्हा दिसलं. मूठ अजून आवळलेलीच होती.